फायबरग्लासचा पोल: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

घर पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात आणि मुलीला पोल व्हॉल्ट शिकायचंय, म्हटल्यावर ओळखीच्या एफआरपी (फायबरग्लास) वर्कशॉपमधून नळी करून घ्यायचा विचार सुचतोच. कृपा करून तसं करू नका. साच्यात हाताने थर देऊन टाकी होते, पोल होत नाही. पोलसाठी रेझिन मुरवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड मँड्रेलवर, म्हणजे धातूच्या गोल दांड्यावर, घट्ट गुंडाळतात, त्यात तिरका कापलेला जादा तुकडा घालतात, भट्टीत पक्कं करून मँड्रेल ओढून काढतात. पोलचा ताठपणा बराचसा त्या तुकड्यावर ठरतो. शेवटी दोन टोकांवर टेकवून मधोमध 50 पौंडांचं वजन टांगतात आणि वाक मोजतात. ही चाचणी न झालेला पोल हवेत मोडला, तर इजा जिवावर बेतू शकते.

बांबूवर शिकवण्याचे दिवसही गेले. 1942 मध्ये कॉर्नेलियस वॉर्मरडॅम बांबूच्या पोलवर 4.77 मीटर गेला, हे खरं. पण 1960च्या दशकात फायबरग्लास रुळला आणि तंत्रच बदललं.

चांगले पोल मुख्यतः अमेरिकेत होतात. तिथे मोठ्यांचा नवा पोल ढोबळमानाने 500 ते 900 डॉलरला, म्हणजे 45 ते 80 हजार रुपयांना मिळतो. वर आयात शुल्क, जीएसटी आणि चार-पाच मीटरची न दुमडणारी नळी आणायचं भाडं. एक लाख सहज ओलांडतात. शिवाय पोलवर लिहिलेली वजनमर्यादा खेळाडूच्या वजनापेक्षा कमी चालत नाही, त्यामुळे वाढत्या वयात तो लवकर बदलावा लागतो. म्हणून चार-पाच पालकांनी मिळून किंवा क्लबने वेगवेगळ्या वजनांचे पोल घ्यावेत. जुना घेताना नखाने चाचपा. बुटाच्या स्पाइकचा खोल ओरखडा दिसला, तर फुकटही नको.

प्रवासाचाही खर्च धरा, कारण एवढा लांब पोल रेल्वेत नेऊ देतीलच असं नाही. जानेवारी 2026 मध्ये राष्ट्रीय विक्रमवीर देव मीणा याला पोलमुळे पनवेलला रेल्वेतून उतरवलं गेलं.

पैसे वाचतात ते बॉक्समध्ये, म्हणजे उडी घेताना पोलचं टोक रोवतात त्या खोक्यात. एक मीटर लांब, समोर 60 आणि मागे 15 सेंटीमीटर रुंद हा पत्र्याचा खोका नियमातली मापं दिली की आपल्याकडचा फॅब्रिकेटर नीट करून देतो. उडीनंतर ज्यावर पडायचं त्या गादीत मात्र काटकसर नको.

खरेदीआधी बालेवाडी क्रीडासंकुलातल्या प्रशिक्षकांना भेटा, आणि जाताना मुलीचं आजचं वजन करून न्या.