कोशिंबिरीचा वाफा

महाराष्ट्रीय जेवणाच्या ताटात कोशिंबिरीची जागा डाव्या हाताला असते. पंक्तीत ती चमचाभरच वाढतात. परंतु ती नसली तर ताट सुने वाटते. काकडी कोचवावी, मुळा किसावा, कांदा-टोमॅटो बारीक चिरावा, वर दाण्याचे कूट, कोथिंबीर व लिंबाचा रस घालावा, आणि हिंग-मोहरीची फोडणी द्यावी, की कोशिंबीर तयार होते. तिला चुलीवर शिजावे लागत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण होय. भाजी शिजवली म्हणजे तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नाहीसा होतो. कच्च्या भाजीत तो टिकून राहतो.

अशी ताजी भाजी घरच्या परसात किंवा शाळेच्या आवारात मिळाली तर किती चांगले! त्यासाठी मोठी जमीन लागत नाही. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा एक वाफाही आरंभाला पुरेसा होतो. हौशी मुले वाफा खणतात, शेणखत घालतात, झारीने पाणीही घालतात. मग बाजारातून एक बियाण्याची पुडी येते. पुडीवर लालबुंद, सरळ, सुंदर गाजराचे चित्र असते. तीन महिन्यांनी वाफा उकरून पाहावा तो पाला मात्र हातभर, आणि खाली गाजर करंगळीएवढे! मुले म्हणतात, “खत कमी पडले.” पुष्कळदा खताचा काहीच दोष नसतो. चुकलेली असते ती वाणाची निवड.

वाण म्हणजे काय? आपण बाजारात नुसता ‘आंबा’ मागत नाही. हापूस, पायरी, केसर, रायवळ असे नाव घेऊन मागतो. सगळे आंबेच, परंतु प्रत्येकाचा स्वाद निराळा, पिकण्याचा काळ निराळा आणि मानवणारी जमीनही निराळी. भाज्यांचेही तसेच आहे. मुळा म्हणजे एकच मुळा नव्हे.

आता आपला नंदुरबार जिल्हा डोळ्यांपुढे आणा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशात लहान दिसतो. पण त्याच्या पोटात दोन निराळ्या हवा आहेत. दक्षिणेस तापीकाठची शहादा, तळोदा, नंदुरबार ही सपाटी. तेथील जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. तेथे तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून अधिक उंच आहे. साधारणपणे एक हजार मीटर वर चढले की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे ज्या दिवशी नंदुरबारच्या बाजारपेठेत मिरची वाळवणारा मजूर घामाने निथळत असतो, त्याच दिवशी तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी हवा पाच-सहा अंशांनी सौम्य असते. पश्चिमेकडे नवापूरला पाऊस नंदुरबार शहरापेक्षा जास्त. तेव्हा शहाद्याच्या शाळेला जे बी मानवेल तेच धडगावच्या शाळेला मानवेल असे धरून चालता येत नाही.

मुळ्याचीच गोष्ट घेऊ. ‘जपानी व्हाइट’ नावाचा पांढराशुभ्र, लांब मुळा थंडीत फार छान पोसतो. तोच चैत्रात सपाटीवर पेरला तर पाला उदंड होतो, मुळा बारीक राहतो, आतून पोचट होतो, आणि इतका तिखट लागतो की खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. उलट ‘पुसा चेतकी’ हा वाण उष्ण हवेसाठीच निवडलेला आहे. तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही येतो, आणि पेरल्यापासून ४० ते ४५ दिवसांत काढणीस होतो. दोन्ही बिया एका तळहातावर ठेवल्या तर कोणती कोणाची हे भल्याभल्यांना ओळखता येणार नाही.

हा चाळीस दिवसांचा हिशेब काही कुटुंबांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. धडगाव व अक्कलकुवा या तालुक्यांतील पुष्कळ माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी दूर जातात आणि घरांना कुलपे लागतात. तीन महिन्यांनी तयार होणारे गाजर त्यांच्या काय कामाचे? त्यांच्या परसात जूनच्या पावसाबरोबर काकडीचा वेल आणि चेतकीसारखा झटपट येणारा मुळाच हवा; म्हणजे घर सोडण्यापूर्वी भाजी पोटात गेलेली असते. सातपुड्यातील कितीतरी लहान मुलांना पोटभर पण पोषक नसलेले अन्न मिळते, आणि त्यामुळे त्यांची वाढ खुंटते. शहाद्याला बाजारात गाजर विकत मिळेल. परंतु दरीतल्या पाड्यावर बी चुकले तर त्या हंगामात गाजर नाहीच.

‘पुसा’ हे नाव तुम्हांला बियाण्याच्या अनेक पुड्यांवर दिसेल. ते बिहारमधील एका गावाचे नाव आहे. १९०५ साली तेथे शेतीच्या संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात तिच्या इमारतीची फार हानी झाली, म्हणून १९३६ साली ती दिल्लीला हलवण्यात आली. गाव मागे राहिले, पण नाव मात्र संस्थेबरोबर दिल्लीस गेले, आणि तेथून बियाण्यांच्या पुड्यांवर बसून आपल्या धडगावपर्यंत पोचले! तसेच ‘फुले’ हे नाव राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणांचे. हे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले; आपला जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो.

गाजराची कथा अधिक मनोरंजक आहे. आपल्याकडचे जुने गाजर लाल. ते आपली उष्ण हवा सोसते आणि येथेच फुलून बीही धरते. युरोपातील ‘नॅन्टीस’ हे गाजर केशरी, गोड, बोथट टोकाचे. परंतु त्याला फुलावर येण्यासाठी कडक थंडी हवी. म्हणून त्याचे बी हिमाचल प्रदेशासारख्या थंड डोंगराळ भागातून आणावे लागते. लाल गाजराचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो तेच द्रव्य टोमॅटोत असते. केशरी गाजराचा रंग मात्र कॅरोटीनचा. या कॅरोटीनपासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ते न मिळाल्यास रातांधळेपणा येतो. लाल गाजरातही कॅरोटीन असते, पण कमी. मग शास्त्रज्ञांनी काय केले? प्रथम देशी लाल गाजर व नॅन्टीस यांचा संकर करून त्यांनी ‘पुसा केसर’ हा लाल वाण मिळवला. पुढे पुसा केसरचा पुन्हा नॅन्टीसशी संकर करून, निवड करीत करीत, ‘पुसा मेघाली’ हा वाण तयार केला. याचा गर केशरी आहे, आणि तो सपाटीवरही बी धरतो. एकाने रंग दिला, दुसऱ्याने चिवटपणा दिला. (गाजराच्या कोशिंबिरीला तेलातुपाची फोडणी देतात ती केवळ चवीसाठी नव्हे. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी चांगले लागते. आपल्या आज्यांना कॅरोटीन हा शब्द ठाऊक नव्हता. फोडणी मात्र ठाऊक होती.)

काळ्या जमिनीत गाजर-मुळा लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारी माती वाळली की दगडासारखी होते. लांब मुळाला तीत शिरता येत नाही. मग त्याला दोन-तीन पाय फुटतात. अशा जागी आखूड, बोथट वाण निवडावा, आणि वाळू व कुजलेले शेणखत मिसळून उंच वरंब्यावर पेरावे.

काकडी ही तर आपल्या भारतभूमीचीच कन्या आहे. येथूनच ती जगभर गेली. राहुरीची ‘हिमांगी’ पांढरी असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘शीतल’ कोकणातील जोरदार पावसात टिकणारी आहे, तेव्हा नवापूरकडे ती करून पाहण्यासारखी आहे. पण सातपुड्यात मक्याच्या शेतात जी गावठी काकडी वेलावर वाढते, तिचे काय? तिला पुडी नाही, चित्र नाही, छापील नाव नाही. आजीने गेल्या वर्षीची पिकून पिवळी झालेली काकडी फोडून, बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून मडक्यात ठेवलेले असते. ते बी तिच्या आईकडून आलेले असते. इतकी वर्षे त्याच डोंगरावर उगवत राहिल्यामुळे तेथील माती व तेथील पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. माझ्या मते डोंगरावरच्या बागेत पहिली ओळ याच काकडीची असावी; पुडीतले बी दुसऱ्या ओळीत.

असे घरचे बी आज झपाट्याने नाहीसे होत आहे. ते टिकावे म्हणून काही मंडळी झटतात. बाएफ या संस्थेने धडगाव परिसरातील शेतकऱ्यांच्या साहाय्याने मका व ज्वारी यांचे स्थानिक वाण गोळा करून जतन केले आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी तर आपल्या घरीच देशी बियाण्यांची बँक उभारली. त्यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. परंतु कोणते बी केव्हा पेरावे हे त्यांना मुखोद्गत आहे. २०२० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

बी घरी राखायचे असेल तर पुडी घेतानाच एक शब्द नीट वाचावा लागतो. पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे असेल, तर त्या पिकाचे बी पुढल्या वर्षी पेरल्यास सगळी रोपे सारखी येत नाहीत; कोणी आजोळी जाते, कोणी भलतीकडेच. संकरित वाण वाईट असतात असे नव्हे. ते पुष्कळदा भरघोस पीक देतात. परंतु त्यांचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते, आणि ज्या घरी पुडीचे पैसे जड जातात तेथे ही गोष्ट आधीच ठाऊक असायला हवी. सरळ वाणाचे बी राखता येते, पण तेथेही झाडाझाडांत भेद आहे. टोमॅटोच्या फुलात परागीभवन बहुधा त्याच्या त्याच फुलात होते. म्हणून राहुरीचे ‘धनश्री’ किंवा ‘भाग्यश्री’ यांसारखे टोमॅटो शेजारी लावले तरी त्यांचे बी सहसा बिघडत नाही. काकडीचे काम मधमाश्या करतात. हिमांगीच्या शेजारी गावठी हिरवी काकडी लावली, तर त्या वर्षीची फळे जशीच्या तशी येतील. त्यांचे बी मात्र मिश्र होईल. दोन्ही वाण शुद्ध राखायचे असतील, तर एक यंदा व दुसरा पुढील वर्षी लावावा.

कांद्याचे वाण हंगामाप्रमाणे ठरलेले आहेत. खरिपाला ‘एन-५३’ आणि रब्बीला, साठवणीसाठी, ‘एन-२-४-१’. यांची अदलाबदल केल्यास गड्डा नीट धरत नाही. लेट्यूस नावाचा परदेशी पाला हल्ली शहरांत कोशिंबिरीत घालतात. फार उष्ण जमिनीत त्याचे बी झोपूनच राहते. तोरणमाळला हिवाळ्यात त्याचा प्रयोग जरूर करावा, शहाद्याला मार्चमध्ये मुळीच करू नये. बीटचे बी म्हणून जे खडबडीत दाणे मिळतात, ते खरे पाहता दोन-चार बियांचे झुबके असतात. एका दाण्यातून तीन रोपे वर आली तर आश्चर्य मानू नये. सशक्त रोप ठेवून बाकीची उपटावीत.

पुडीवरची तपासणीची तारीखही पाहावी. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते. शंका आल्यास वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि आठवड्याने मोजाव्यात. दहाहून कमी उगवल्या तर ते बी पेरण्यात अर्थ नाही. गुलाबी किंवा हिरवा रंग दिलेले बी औषध लावलेले असते. ते तोंडात घालू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. मोरीचे सांडपाणी केळीला व अळूला चालते, परंतु जी भाजी कच्ची खायची तिला ते घालू नये.

सगळे बी एकाच दिवशी पेरण्याचा मोहही आवरावा. नाही तर एके दिवशी चाळीस मुळे तयार होतात, आणि घरातील माणसे तर पाच! दर आठ दिवसांनी एक ओळ पेरावी.

बियाण्यासाठी झाड राखताना बहुतेक घरी एक उलटा प्रकार घडतो. सुंदर, सरळ मुळा आधी कोशिंबिरीत जातो. वाकडा, किडका मागे उरतो आणि त्याचेच बी धरले जाते. असे चार वर्षे केले म्हणजे वाण उतरतो. म्हणून ओळीतल्या उत्तम पाच-सहा मुळ्यांना आधीच खूण करावी व त्यांना कोणी हात लावू नये. त्यांना दांडा येतो, पांढरी-जांभळी फुले येतात, मग शेंगा लागतात. या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात. कोवळ्या डिंगऱ्यांचीही चुरचुरीत कोशिंबीर होते, तेव्हा थोड्या तोडण्यास हरकत नाही. उरलेल्या झाडावरच वाळू द्याव्यात. वाळलेली डिंगरी बोटांनी सहज फुटत नाही. ती फडक्यात बांधून काठीने बडवावी, पाखडावी, आणि बी कोरड्या बाटलीत भरून वर वाणाचे नाव व साल लिहून ठेवावे.

स्वाध्याय

१. मुलांच्या वाफ्यातील गाजरे करंगळीएवढी का राहिली असावीत?
२. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी कोणते वाण निवडावेत? का?
३. ‘पुसा मेघाली’ या वाणात दोन निराळ्या गाजरांचे कोणते गुण एकत्र आले आहेत?
४. ‘अंगवळणी पडणे’, ‘मुखोद्गत असणे’, ‘वाढ खुंटणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी किंवा शेजारी राखून ठेवलेले एखादे बी कोठून आले, किती वर्षांपासून आहे व ते कसे साठवतात, हे विचारून दहा ओळी लिहा.