इलेक्ट्रॉनिक लोड निवडताना

पॉवर सप्लायच्या स्टिकरवर जे छापलेलं असतं ते खरं असेलच असं नाही. ‘१२ व्होल्ट, ५ अँपिअर’ वाचून आपण तो विकत आणतो, मल्टिमीटर लावतो, १२ व्होल्ट दिसले की खूश होतो. पण मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. सप्लायची खरी परीक्षा होते ती ५ अँपिअर ओढल्यावर. आपण सांगू तेवढा करंट ओढणारं उपकरण म्हणजे प्रोग्रामेबल डीसी इलेक्ट्रॉनिक लोड. (मराठीत ‘भार’ म्हणता येईल, पण लॅबमध्ये ‘भार दे’ म्हटलं तर कोणी वळूनही बघणार नाही, म्हणून लोडच म्हणते.) आपल्या प्रोजेक्ट लॅबसाठी असा लोड घ्यायचं चाललं आहे, आणि वस्तू एकदाच येणार आहे. म्हणून हा लेख.

रिओस्टॅट आहे की!

हो, आहे. पण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी रिओस्टॅटवर लावली तर व्होल्टेज उतरतं तसा करंटही उतरतो, आणि कोणीतरी वही घेऊन रात्रभर रीडिंग घेत बसावं लागतं. ७ अँपिअर-अवर हा आकडा साधारणपणे २० तासांच्या डिस्चार्जचा असतो, म्हणजे ०.३५ अँपिअर सतत. लोड हा करंट पक्का धरून ठेवतो, १०.५ व्होल्टला स्वतः थांबतो आणि किती अँपिअर-अवर निघाले ते सांगतो.

आत काय असतं? मॉस्फेट, एक छोटा शंट रेझिस्टर आणि ऑप-अॅम्प. शंटवरचं व्होल्टेज बघून ऑप-अॅम्प मॉस्फेटचं गेट कमी-जास्त करतो. ओढलेली सगळी पॉवर उष्णता होते, म्हणून एवढा मोठा हीटसिंक आणि पंख्याचा आवाज.

चार मोड

कॉन्स्टंट करंट सगळ्यात जास्त लागतो: सप्लाय आणि बॅटरीसाठी. कॉन्स्टंट व्होल्टेज एलईडी ड्रायव्हर किंवा सोलर पॅनेलसाठी. व्होल्टेज पायरी-पायरीने बदललं की पॅनेलचा आय-व्ही कर्व्ह मिळतो. कॉन्स्टंट रेझिस्टन्स सप्लाय चालू होताना तपासायला बरा, कारण फोल्डबॅक प्रोटेक्शन असलेला सप्लाय कॉन्स्टंट करंट लोडवर कधी कधी उठतच नाही. कॉन्स्टंट पॉवर म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टरची नक्कल: व्होल्टेज घटलं की हा उलट जास्त करंट ओढतो. लॅपटॉप किंवा रोबोटची बॅटरी शेवटी पटकन का बसते ते इथे कळतं.

घेताना काय बघायचं?

पहिलं, व्होल्ट, अँपिअर आणि वॅट ही तीन वेगवेगळी बंधनं आहेत. रिगॉलचा डीएल३०२१ बघा: १५० व्होल्ट, ४० अँपिअर, २०० वॅट. १५० गुणिले ४० म्हणजे ६००० वॅट, ते मिळणार नाहीत! १२ व्होल्टला जास्तीत जास्त साधारण १६.६ अँपिअर, १५० व्होल्टला फक्त १.३३. सिग्लेंटचा एसडीएल१०२०एक्स १५० व्होल्ट, ३० अँपिअर, २०० वॅटचा आहे. त्याचंही गणित तसंच.

दुसरं, कमीत कमी व्होल्टेज. मॉस्फेट पूर्ण उघडला तरी थोडा रेझिस्टन्स उरतोच. समजा सगळा मिळून ५० मिलिओहम आहे, तर २० अँपिअर ओढायला निदान १ व्होल्ट हवा. १.२ व्होल्टच्या रेलवर काम करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

तिसरं, रिमोट सेन्स. वायरीचा रेझिस्टन्स २० मिलिओहम असेल तर १० अँपिअरला ०.२ व्होल्ट वायरीतच जातात. ५ व्होल्टच्या सप्लायवर ही ४ टक्के चूक, आणि दोष मात्र बिचाऱ्या सप्लायला. सेन्सच्या दोन वेगळ्या वायरी थेट सप्लायच्या टर्मिनलला लावल्या की हा प्रश्न मिटतो.

चौथं, छोटी रेंज. अॅक्युरसीत ‘फुल स्केलच्या अमुक टक्के’ असा भाग असतो. ४० अँपिअरच्या ०.०५ टक्के म्हणजे २० मिलिअँपिअर. तुमचा सेन्सर नोड १०० मिलिअँपिअर घेत असेल तर ही थेट २० टक्के चूक झाली.

पाचवं, ट्रान्झियंट. करंट एकदम वाढला की सप्लाय किती दबतो ते यात दिसतं. पण वायरी लांब ठेवू नका: १ मायक्रोहेन्रीच्या वायरीत १ अँपिअर प्रति मायक्रोसेकंद वेगाने करंट बदलला तर १ व्होल्ट तिथेच पडतो. वायरी आखूड आणि पीळ घातलेल्या हव्यात.

सहावं, यूएसबी किंवा लॅन आणि एससीपीआय कमांड. पायथनची छोटी स्क्रिप्ट रात्रभर डेटा घेते, आपण झोपतो.

हॉस्टेलवाल्यांसाठी

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल काढून पॉवर बँक बनवणारे आपल्या मजल्यावर कमी नाहीत. असे सेल एकत्र जोडण्याआधी प्रत्येकाची कपॅसिटी वेगळी मोजा, आणि सेलच्या डेटाशीटमधल्या कट-ऑफ व्होल्टेजच्या खाली डिस्चार्ज करू नका. गरम होणारा, फुगलेला किंवा गंज आलेला सेल टेस्टलाही लावू नका. चांगली कपॅसिटी म्हणजे सेल सुरक्षित, असंही नाही. टेस्ट लॅबमध्ये, कोणीतरी हजर असताना करा. मघाची रात्रभराची झोप लिथियमला लागू नाही. बॅटरीला फ्यूज लावा आणि पोलॅरिटी दोनदा बघा: उलटी जोडली तर मॉस्फेटच्या बॉडी डायोडमधून करंट वाहतो आणि त्यावर लोडचा काहीच ताबा राहत नाही.

माझं मत? आपल्याकडचे बहुतेक प्रोजेक्ट ५ ते २४ व्होल्टचे. ६०० वॅटच्या मागे धावण्यापेक्षा २०० वॅटचा, पण रिमोट सेन्स, छोटी रेंज आणि बॅटरी टेस्ट असलेला लोड जास्त जणांच्या उपयोगी पडेल. ऑर्डर जाण्याआधी प्रत्येक ग्रुपने आपलं जास्तीत जास्त व्होल्टेज, जास्तीत जास्त करंट आणि सगळ्यात लहान करंट हे तीन आकडे लिहून लॅब असिस्टंटकाकांकडे द्यावेत. त्या कागदावरूनच मॉडेल ठरू दे.