धंद्याचें गुपित आणि वार्ताहराचें कर्तव्य

हलवाई आपल्या मिठाईची रीत शेजारच्या हलवायास सांगत नाहीं. वैद्य आपल्या खास चूर्णांतील प्रमाण उघड करीत नाहीं. आणि त्याबद्दल त्यांस कोणी दोषही देत नाहीं. श्रमानें व बुद्धीनें मिळविलेलें ज्ञान स्वतःपाशीं राखण्याचा अधिकार समाजानें मान्य केला आहे. आजच्या मोठमोठ्या कंपन्यांचींही अशींच गुपितें असतात. नवें यंत्र बाजारांत येण्यापूर्वीं त्याची घडण, किंमत व योजना त्या जपून ठेवितात. आतां एखाद्या नोकरानें असें गुपित वार्ताहराच्या हातीं दिलें, तर त्यानें तें छापावें काय? ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

इ. स. २००४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील दोन वृत्त-संकेतस्थळांनीं ॲपल कंपनीच्या एका अप्रकाशित उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. वाद्यांचा आवाज संगणकांत उतरवून घेण्याचें तें साधन होतें, व 'ॲस्टेरॉइड' हें त्याचें गुप्त नांव होतें. कंपनीनें न्यायालयांत धाव घेतली आणि माहिती फोडणाऱ्याचा शोध लागावा म्हणून मागणी केली. २००५ सालीं पहिल्या न्यायाधीशांनीं कंपनीची बाजू उचलून धरली. परंतु २६ मे २००६ रोजीं कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें तो निर्णय फिरविला. छापील वृत्तपत्राच्या बातमीदाराप्रमाणेंच संकेतस्थळावरील बातमीदारासही आपल्या माहितगाराचें नांव गुप्त ठेवितां येतें, असें त्यानें ठरविलें. खरी पत्रकारिता कोणती आणि खोटी कोणती, ह्या वादांत पडण्याचें मात्र न्यायालयानें नाकारलें.

हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. परंतु कायद्यानें मोकळीक दिली म्हणजे नीतीनेंही दिली, असें होत नाहीं. न्यायालय जी निवड करीत नाहीं, ती वार्ताहराच्या विवेकास करावी लागते. 'ॲस्टेरॉइड'ची बातमी कांहीं महिने उशिरां कळती, तर कोणाचें काय बिघडतें? ग्राहकाची फसवणूक होत नव्हती. कोणाच्या जिवास धोका नव्हता. वाचकांचें कुतूहल भागलें, एवढाच लाभ. कुतूहल आणि हित ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. कॅलिफोर्नियांतील थेरानोस ही कंपनी बोटांतून काढलेल्या रक्ताच्या कांहीं थेंबांवर अनेक तपासण्या करून देण्याची ग्वाही देत असे. यंत्र कसें चालतें असें विचारल्यास, तें धंद्याचें गुपित आहे, असें उत्तर मिळे. परंतु आंत काम करणाऱ्या कांहीं तरुणांस दिसून आलें कीं, यंत्राचे निकाल भरंवशाचे नाहींत, आणि बऱ्याचशा तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर होत आहेत. त्यांपैकीं टायलर शुल्ट्झ ह्या तरुणाचे आजोबा, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ, कंपनीच्या संचालकमंडळावर होते. गुपित फोडल्याचा ठपका ठेवून कंपनीच्या वकिलांनीं त्याच्यावर दडपण आणलें. वकिलांच्या खर्चापायीं त्याच्या आईबापांचे ४,००,००० डॉलरांहून अधिक गेले; तरी तो डगमगला नाहीं. ऑक्टोबर २०१५ मध्यें जॉन कॅरीरू यांनीं 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्यें हें प्रकरण उघडकीस आणिलें. २०१८ सालीं कंपनी बंद पडली. जानेवारी २०२२ मध्यें तिच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या, व त्याच वर्षीं त्यांस ११ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली.

दोन्ही ठिकाणीं शब्द एकच होता: धंद्याचें गुपित. परंतु एकाखालीं कसब झांकलेलें होतें, आणि दुसऱ्याखालीं रोग्यांस होणारा अपाय. म्हणून गुपित हातीं आलें असतां वार्ताहरानें प्रथम, त्याखालीं काय दडलें आहे, हें पाहावें.

दुसरें, तें कोणत्या मार्गानें आलें, हेंही पाहावें. २०१० सालीं ॲपलचा एक अभियंता नवा, अप्रकाशित आयफोन मद्यगृहांत विसरला. 'गिझ्मोडो' ह्या वृत्त-संकेतस्थळानें तो ५,००० डॉलर देऊन मिळविला, उकलून पाहिला व त्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. पुढें सरकारी वकिलांनीं त्या पत्रकारांवर खटला भरला नाहीं. तरी दुसऱ्याची हरवलेली वस्तु विकत घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

तिसरें, लोकहितास लागेल तेवढेंच सांगावें. थेरानोसच्या यंत्राचा आराखडा छापण्याचें प्रयोजन नव्हतें; निकालांवर विसंबतां येत नाहीं, एवढें रोग्यांस कळणें अवश्य होतें. आणि ज्यानें विश्वासानें माहिती दिली, त्याचें नांव प्राणपणानें राखावें. कारण बातमीची कीर्ति वार्ताहरास मिळते, पण नोकरी जाते ती माहिती देणाऱ्याची.

विद्यार्थी मित्रहो, हा विचार केवळ वार्ताहरांसाठींच नाहीं. आज प्रत्येकाच्या हातांतील यंत्रावरून कोणाचेंही गुपित क्षणांत शेंकडों लोकांकडे जातें. तेव्हां तें पुढें धाडण्यापूर्वीं आपण स्वतःस विचारावें: ह्यानें कोणाचें अनिष्ट टळणार आहे, कीं नुसती आपली हौस फिटणार आहे? पहिलें असेल तर भय न धरितां बोलावें. दुसरें असेल तर मौन धरावें, हें उत्तम.