हनुक्का : दाराशी ठेवावयाचा दीप

अलिबागजवळचे नवगाव हे बेने इस्रायल समाजाच्या दृष्टीने मूळस्थान होय. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया येथे किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या मराठीभाषक यहुद्यांची परंपरा आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. परक्या धर्माच्या माणसालाही आपल्या उतरंडीत धंद्यावरून जागा नेमून देणारी ही व्यवस्था आमच्या वाचकांना नवी नाही. नवे आहे ते कोडे : पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांना यहुद्यांचा तेलाचा सण, हनुक्का, पूर्वी ठाऊकच नव्हता.

या सणाचे मूळ एका बंदीहुकमात आहे. इ. स. पू. १६७ च्या सुमारास सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने यहुद्यांना शब्बाथ पाळण्यास व मुलांची सुंता करण्यास मनाई केली, धर्मग्रंथ जाळविले आणि जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची पूजा सुरू केली. मोदीन गावच्या मत्तथ्या नामक वृद्ध पुरोहिताने प्रतिकार आरंभिला. त्याचा पुत्र यहूदा मक्काबी याने इ. स. पू. १६४ मध्ये मंदिर परत घेऊन शुद्ध केले. ‘हनुक्का’ या हिब्रू शब्दाचा अर्थच समर्पण, प्रतिष्ठापना असा आहे.

एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळले, ही कथा सर्वांना माहीत असते. वर्गात मात्र आम्ही एक प्रश्न हटकून विचारतो : ही कथा प्रथम कोठे येते? मक्काबींचे जुने ग्रंथ आठ दिवसांच्या उत्सवाचे वर्णन करतात, पण तेलाच्या चमत्काराविषयी अवाक्षर काढीत नाहीत. तो येतो कित्येक शतकांनंतरच्या तालमूदमध्ये. याच मक्काबींच्या घराण्यातील योहान हिर्कानस याने पुढे इदोमी लोकांवर सुंतेची सक्ती केली, हेही इतिहासकार जोसेफसने नोंदविले आहे. बंदी मोडणाऱ्यांच्या वंशजाने सक्ती करावी, हे शिकविताना आम्हाला नेहमी थांबावे लागते.

आता कोकणातील कोड्याकडे. १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात असा तर्क मांडला की, हनुक्का ठाऊक नाही त्या अर्थी पूर्वज मक्काबींच्या लढ्यापूर्वीच निघाले असावेत. तर्क सुंदर आहे. तथापि एखादी गोष्ट आढळत नाही एवढ्यावरून कालनिर्णय करणे धोक्याचे. दूर देशी एकाकी पडलेला समाज एखादा सण विसरूही शकतो. पुढे हा सण बेने इस्रायल घरांतही आला. लाकडी फळी, तिला धातूची कडी आणि कड्यांत तेलवातीचे काचेचे पेले, असे त्यांचे दीप जतन केलेले आढळतात.

आणि दीप घरी करता येणे, हेच या सणाचे वैशिष्ट्य. आठ ज्योती एका ओळीत, एका उंचीवर. नववा ‘शमाश’ म्हणजे सेवक, तो किंचित वेगळा. एवढे पाळले की साधन कोणतेही चालते. अक्रोडाची टरफले, कोरलेले बटाटे, मातीच्या पणत्या, मुलांनी फळकुटावर बसविलेल्या बाटल्यांच्या झाकण्या. सूर्यास्तानंतर अर्धा तास तरी जळेल इतके तेल मात्र हवे. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे आठव्या रात्रीपर्यंत वाढवीत नेतात. शमाश धरून एकूण ४४ ज्योती. शम्माय आचार्यांचा पंथ आठांवरून उतरत यावे म्हणे. हिल्लेलांचे ‘वाढवीत न्यावे’ हे मत टिकले. या उजेडात वाचावयाचे नाही, शिवावयाचे नाही. कामापुरता उजेड शमाशचा. अनेक घरांत वाती जळत असेतो स्त्रिया घरकामाला हात लावीत नाहीत. मग तेलात तळलेले पदार्थ होतात, मुले चौकोनी भोवरा फिरवितात.

हा दीप दाराशी किंवा खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवावा. संकटकाळी घरातील मेजावर ठेवला तरी चालेल, अशी तालमूदची अनुज्ञा आहे. १९३१ च्या हनुक्कात जर्मनीतील कील शहरी राहेल पोस्नर यांनी आपल्या खिडकीतील दीपाचे छायाचित्र घेतले. समोरच्या इमारतीवर नाझी पक्षाचा ध्वज आहे. दीप खिडकीतच आहे.

१९४२ मध्ये तेरेझीनच्या छळवस्तीत खिडकीचा प्रश्नच उरला नव्हता. तेथे मुलांच्या वसतिगृहासाठी शिल्पकार आर्नोल्ड झाडिकोव्ह व लिओपोल्ड हेख्त यांनी चोरून मिळविलेल्या लाकडातून एक दीप कोरला. झाडिकोव्ह पुढील वर्षी तेथेच वारले. तो दीप आज न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये आहे.