आडमुठ्याशी वागताना

आमच्या हाऊसमधला एक कॅडेट फॉल-इनला रोज वाद घालायचा. हाऊस कॅप्टन म्हणून मीही आवाज चढवायचो आणि बाकीच्यांची फुकट करमणूक व्हायची.

मग दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना एक प्रसंग सापडला. १० सप्टेंबर १९४४, ब्रुसेल्स. गुडघा दुखावल्यामुळे जनरल आयझेनहॉवर यांना विमानातून उतरता येईना. फील्ड मार्शल मॉन्टगोमरीच आत आले आणि आपल्या वरिष्ठांच्या योजनेवर तुटून पडले. आयझेनहॉवर गप्प ऐकत राहिले. मॉन्टगोमरी थांबताच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी शांतपणे बजावले, की मी तुमचा वरिष्ठ आहे, माझ्याशी असे बोलता येणार नाही. मॉन्टगोमरींनी माफी मागितली. त्याच भेटीत मार्केट गार्डन मोहिमेला मंजुरीही मिळाली. (मोहीम पुढे फसली, ते वेगळे!)

आधी ऐकायचे, मग मर्यादा सांगायची. माझे नेमके उलटे चालले होते. त्या रात्री प्रेपनंतर मी त्याला एकट्याला गाठले आणि बोलू दिले. सकाळी नळावर त्याचा नंबर सर्वांत शेवटी लागायचा, हे मला तेव्हा कळले.

"नळाचं मी बघतो," मी म्हणालो, "पण फॉल-इनमध्ये उलट उत्तर चालणार नाही."

वाद तो अजूनही घालतो, पण फॉल-इन संपल्यावर.