वेळ कुणाचा, ते आधी विचार

हे बघ पोरी, ‘प्रोग्रॅमला किती वेळ लागला’ असं कुणी विचारलं की आधी उलट विचारायचं, वेळ कुणाचा? भिंतीवरच्या घड्याळाचा की प्रोसेसरचा? डिस्कची वाट बघण्यात किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमला पुढे जाऊ देण्यात गेलेला वेळ पहिल्यात येतो, दुसऱ्यात येत नाही. अल्गोरिदम पारखायचा असेल तर तुला दुसरा हवा, आणि त्यासाठी सीच्या प्रमाणित लायब्ररीत एकच फंक्शन आहे, टाइम.एचमधलं ‘क्लॉक’.

कामाआधी एकदा वाचायचं, नंतर एकदा, आणि वजाबाकी करायची. पहिलं वाचन शून्यच येईल असं कुणी वचन दिलेलं नाही. मग ती वजाबाकी आधी डबलमध्ये घ्यायची आणि नंतर ‘क्लॉक्स_पर_सेक’ने, म्हणजे क्लॉकच्या एका सेकंदातल्या ठोक्यांच्या संख्येने, भागायची. आधी भागलंस तर पूर्णांकांच्या भागाकारात अर्ध्या सेकंदाचं काम शून्य दिसेल. क्लॉकच्या उत्तराचा प्रकार ‘क्लॉक_टी’ कुठे लाँग असतो, कुठे आणखी काही. तो अपूर्णांकी असायलाही प्रमाणाची हरकत नाही. म्हणून थेट ‘टक्का एलडी’ लावून छापू नकोस. वेळ सांगता येत नसेल तर क्लॉक उणे एक देतं, तेही तपास.

भाजक हाताने कधीच लिहायचा नाही. टर्बो सीमध्ये हाच भाजक ‘सीएलके_टीसीके’ नावाने १८.२ असायचा, कारण डॉसच्या पीसीचा टायमर सेकंदाला साधारण तेवढेच ठोके द्यायचा. जुन्या प्रॅक्टिकलच्या कोडमध्ये ते नाव सापडलं तर काढून टाक. पोझिक्सने हा आकडा १० लाख ठरवून दिलाय, पण त्यामुळे मायक्रोसेकंदाची अचूकता पदरात पडत नाही. एकक बारीक असलं तरी आतलं घड्याळ जाडसर ठोक्यांनी सरकू शकतं. शिवाय क्लॉक_टी ३२ बिटांचा असेल तर सुमारे ७२ मिनिटांत आकडा फिरून पुन्हा मूळपदावर येतो. तिथे रात्रभर चालणारं काम क्लॉकने मोजायचं नाही.

खरी गोम विंडोजवर आहे. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतलं क्लॉक प्रोग्रॅम सुरू झाल्यापासूनचा भिंतीवरचा वेळ सांगतं. कोड तोच, कंपायलर चूक दाखवत नाही, आणि अर्थ मात्र पार बदललेला! शंका आली तर मध्ये दोन सेकंदांची झोप घालून बघ. लिनक्सवर फरक जवळजवळ शून्य येईल, विंडोजवर दोन. त्यामुळे विंडोजसाठी ‘गेटप्रोसेसटाइम्स’ घे. ते १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजतं आणि कर्नलचा व प्रोग्रॅमचा वेळ वेगवेगळा देतं. दोन्हींची बेरीज करायची. युनिक्सच्या घराण्यात ‘गेटआरयूसेज’ आहे, तेही असेच दोन भाग देतं. हा सगळा पसारा ‘इफडेफ’च्या आड तुझ्या स्वतःच्या एकाच फंक्शनमध्ये ठेव, जे सेकंद डबलमध्ये परत करेल. बाकीच्या कोडला आपण कुठल्या मशीनवर आहोत हे कळायचं कारण नाही.

थ्रेड वापरत असशील तर लिनक्सवर आकडा भिंतीवरच्या घड्याळापेक्षा मोठा येईल. घाबरू नकोस. चार मजूर तासभर राबले तर हजेरीपटावर चार तास लागतात, तसंच हे. चाइल्ड प्रोसेसचा वेळ मात्र लिनक्सचं क्लॉक धरत नाही. तो गेटआरयूसेजकडून वेगळा मागावा लागतो.

आणखी एक. ज्या लूपचा निकाल कुठेच वापरला जात नाही, तो ऑप्टिमायझर सरळ उडवून देतो, आणि तू वेगाचं कौतुक करत बसतेस. निकाल छापत जा. काम फारच छोटं असेल तर एकदा मोजून काही कळत नाही. ते हजारो वेळा चालवून एकूण वेळेला भाग.

आणि कुणाला आकडा कळवशील तेव्हा नुसते सेकंद पाठवू नकोस. मशीन कोणतं, कंपायलर कोणता, ऑप्टिमायझेशन कितीवर होतं आणि वेळ कोणत्या फंक्शनने मोजला, एवढं शेजारी लिहीत जा.