घरच्या घरी स्टीलचे वेल्डिंग : आधी डोळे आणि छाती सांभाळा

उन्हाळा लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलतात, पंपाला तेलपाणी होते आणि टाकीचा तळ गंजून गळतो आहे हेही नेमके त्याच दिवशी कळते. पूर्वी लोक डांबर लावून एक हंगाम ढकलत. आता घरच्या विजेवर चालणारी लहान मिग वेल्डिंग मशीन बाजारात मिळू लागल्यापासून हौशी मुले स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा आणून तळ स्वतःच बसवितात. हौस चांगलीच आहे, पण तिचे रुग्ण मात्र आमच्याकडे येतात.

मागच्या एका एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास गल्लीतला एक तरुण वडिलांच्या खांद्याला धरून दवाखान्यात आला. डोळे घट्ट मिटलेले, त्यांतून पाणी वाहते आहे. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, संध्याकाळपर्यंत चांगला होता जी, आता डोळेच उघडत नाही." अंगात ताप होता, थंडी वाजत होती, तोंडाला धातूसारखी चव येत होती. घरच्यांना मलेरियाची शंका. रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. दुपारी काय केले असे विचारल्यावर उलगडा झाला. त्याने कूलरच्या जुन्या जीआय स्टँडला स्टीलचा पत्रा जोडला होता, तोही खोलीचे दार लावून आणि पंखा बंद करून.

पंखा बंद का केला, यालाही कारण होते. मिग वेल्डिंगमध्ये तारेभोवती आर्गॉन वायूचे आवरण असते. जोराचा वारा लागला की ते उडते, सांध्याला छिद्रे पडतात आणि टाकी पुन्हा गळते. म्हणून मुले दारे-खिडक्या लावून बसतात. सांधा चांगला होतो, पण सगळा धूर छातीत जातो.

यातून मार्ग आहे. काम व्हरांड्यात किंवा आडोशाच्या अंगणात करावे. पंखा पाठीमागून सांध्यावर सोडू नये. चार-पाच फुटांवर ठेवून तो धूर बाहेर ओढून नेईल असा लावावा. वाकून थेट धुराच्या वर डोके धरू नये, एका बाजूने काम करावे. तोंडाला दुपट्टा बांधल्याने काही होत नाही, धुराचे कण त्यातून सहज जातात. नीट चेहऱ्याला बसणारा एन-९५ मास्क हेल्मेटखाली मावतो, तो वापरावा. बंद टाकीत डोके घालून तर वेल्डिंग मुळीच करू नये. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस गुदमरतो आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

चांगले काम आणि चांगली प्रकृती यांचा येथे मेळ बसतो, ही समाधानाची गोष्ट. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता लवकर पसरत नाही आणि ते साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगते. त्यामुळे पातळ पत्रा भराभर वेल्ड केला की लाटांसारखा वाकतो किंवा त्याला भोक पडते. अनुभवी कारागीर ०.८ मिलिमीटरची ३०८ एल तार घेतात, करंट कमी ठेवतात, मागे तांब्याची पट्टी लावतात आणि अंतराअंतराने छोटे टाके मारत मधल्या काळात पत्रा थंड होऊ देतात. उष्णता कमी दिली की धूरही कमी होतो. या धुरात क्रोमियम आणि निकेल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. वर्षातून दोनदा कूलर दुरुस्त करणाऱ्याने घाबरून जावे असे मी म्हणत नाही. पण रोज तेच काम करणाऱ्याने, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्याने, हे मनावर घ्यावे.

आता आमच्या रुग्णाच्या तापाकडे येऊ. जीआय पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो. त्यानंतर चार ते दहा तासांनी थंडीताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. दूध प्याल्याने किंवा गूळ खाल्ल्याने तो टळतो ही समजूत खोटी आहे. जस्त सांध्यात शिरले तर स्टीललाही तडे जातात. म्हणून जीआय स्टँडला स्टील वेल्ड करण्यापेक्षा रबरी वॉशर घालून नटबोल्टने कसावे. मात्र वेल्डिंगनंतर धाप लागली, छाती भरून आली, तर त्याला साधा ताप समजू नये. रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो गाठावे आणि काय वेल्ड केले ते डॉक्टरांना सांगावे. पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त द्रावण वापरले असेल तर तेही सांगावे, कारण वेल्डिंगच्या ज्वाळेजवळ त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

डोळ्यांचे म्हणाल तर, "एकच टाका मारायचा होता" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. बुबुळावरचा पातळ थर अतिनील किरणांनी भाजतो, पण दुखणे सहा ते बारा तासांनी, बहुधा झोपेच्या वेळी सुरू होते. उन्हाचा काळा गॉगल पुरत नाही, दहा किंवा अकरा नंबरची काच हवी. चकचकीत स्टीलवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून पत्रा धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावालाही हाच त्रास होतो. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडावे, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यावी. अंगावरचे दूध, बटाट्याचा रस, मध डोळ्यांत घालू नये. बधिर करणारे किंवा स्टिरॉइडचे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्याने दुखणे थांबते, पण जखम भरत नाही आणि बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. दुसऱ्या दिवशीही त्रास कमी झाला नाही, किंवा एकाच डोळ्यात खुपत असेल, तर ग्राइंडरचा कण अडकला असण्याची शक्यता असते. तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

घामाने निथळत, कूलरच्या सांडलेल्या पाण्यात उभे राहून मशीन हाताळू नये हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. ओल्या अंगाला विजेचा धक्का जास्त बसतो.

शेवटी एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते. सांध्यावरचा निळा-काळा डाग काढायला जी पिकलिंग पेस्ट मिळते, तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हाताला लागले तर सुरुवातीला फारसे दुखत नाही, काही तासांनी असह्य ठणका लागतो आणि आम्ल हाडापर्यंत पोचू शकते. लागल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली हात धरावा, अंगठी आणि कपडे काढावेत आणि पेस्टचा डबा सोबत घेऊन रुग्णालयात जावे. तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लावतात. घरच्या कूलरसाठी ही पेस्ट आणूच नये. त्या मुलाला मी तेच सांगितले. सांध्यावरचा डाग त्याने स्टीलच्या ब्रशने घासून काढला.